मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत कारखान्याचा ईटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लांट) बंद ठेवला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की सुंगटं (कोळंबी) आणि माणक्या (स्क्विड) साफ करून गोठवायचा छोटा कारखाना गोव्यात काढताय, ईटीपीचं कोटेशन हातात आहे, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ईटीपीही बंद ठेवून वीजबिल वाचवायचा विचार आहे. बंद ठेवू नका. मी इथल्याच एका मासळीच्या कारखान्यात ईटीपी सांभाळतो, म्हणून जरा खोलात सांगतो.

एरेशन टाकीत, म्हणजे जिथे पाण्यात हवा सोडतात तिथे, पाणी साफ करतात ते जिवाणू. गोठ्यातल्या गुरांसारखं त्यांचं असतं, चारा तोडला की हाडं दिसायला लागतात. हवा सोडणारा ब्लोअर थांबला की टाकीतला ऑक्सिजन बघता बघता संपतो, तपकिरी स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, काळा पडतो आणि हायड्रोजन सल्फाइडचा वास अख्ख्या वाड्याला कळतो. ऑगस्टात ट्रॉलर सुटतात, माल येऊन पडतो, आणि टाकीत तो पचवणारं कोणी उरलेलं नसतं. नवा स्लज तयार व्हायला काही आठवडे जातात. तोवर पाणी जवळजवळ जसंच्या तसं बाहेर. नाल्यात किंवा नदीत सोडायच्या पाण्याला बीओडी (जिवाणूंना घाण पचवायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, तेल-चरबी १० मिलिग्रॅम प्रति लिटर ही सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि तुमच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे परवानगीपत्रात, प्रदूषण नियंत्रण मंडळ याहून कडक अट घालू शकतं. खाडीत सोडून देऊ म्हणाल तर भरतीला तेच पाणी परत वर चढतं.

म्हणून बंदीत ब्लोअर टायमरवर टाका, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. खायला गूळ पाण्यात विरघळवून थोडा थोडा द्यायचा. गुळात नायट्रोजन जवळजवळ नसतो, तेव्हा सोबत किंचित युरिया आणि फॉस्फरससाठी डीएपी खत. बीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं १००:५:१ हे प्रमाण धरून चालतात. स्लज आटणार, आटू द्या. बीज जिवंत राहिलं की पुरे. ऑगस्टात पहिल्याच दिवशी सगळं पाणी लोटू नका. आधी पाव, मग निम्मं.

पण ही युरियाची सवय हंगामात चालू ठेवू नका. 'रोज इतका युरिया घाला' असं पुरवठादार सर्रास लिहून देतात. साखर किंवा शीतपेयाच्या पाण्याला ते ठीक. मासळीच्या पाण्यात प्रथिनं असतात, म्हणजे नायट्रोजन आधीच जास्त. तुम्ही आणखी घातला तर तपासणीत अमोनियाचा आकडा जास्त येऊन अडकाल. नायट्रोजन जास्त झालाय का, याची परीक्षा अगदी सोपी. एरेशन टाकीतलं पाणी लिटरच्या काचेच्या जारमध्ये घेऊन अर्धा तास न हलवता ठेवा. स्लज खाली बसून वर स्वच्छ पाणी दिसायला हवं. मग जार तसाच आणखी तास-दोन तास राहू द्या. बसलेला स्लज बारीक बुडबुडे घेऊन ढेकळांनी वर यायला लागला तर तो नायट्रेटमधून सुटलेला नायट्रोजन वायू. क्लॅरिफायरच्या (स्लज खाली बसवायच्या टाकीच्या) तळाशी स्लज फार वेळ पडून राहिला की तिथेही हेच होतं. तेव्हा स्लज परत फिरवायचा पंप वाढवा.

खरं सांगायचं तर निम्मा ईटीपी प्रोसेसिंग हॉलमध्येच असतो. सुंगटांची डोकी पाइपच्या धारेने गटारात ढकलली की त्यांतलं रक्त-प्रथिन पाण्यात विरघळतं, आणि विरघळलेलं कुठल्याच जाळीला सापडत नाही. आधी वायपरने कोरडं ओढून क्रेटमध्ये भरा, पाणी मारायचं ते त्यानंतर. डोकी-टरफलं घेऊन जाणारे मिळतात. माणकीची शाईची पिशवी न फुटता काढायला बायकांना शिकवा. तो काळा रंग जिवाणूंना लवकर पचत नाही, आणि नमुना घ्यायला आलेला माणूस आधी रंगच बघतो.

रात्रीच्या धुलाईचं क्लोरीनचं पाणी आणि मिठाचं पाणी एकदम टाकीवर जाऊ देऊ नका. त्यासाठी इक्वलायझेशन टाकी (सगळं पाणी आधी एकत्र साठवून सारखं करणारी) निदान एका दिवसाचं पाणी मावेल एवढी हवी, आणि तिच्यातही हवा सोडायची, नाहीतर वास तिथूनच सुरू होतो. कोटेशनमध्ये हीच टाकी सगळ्यात आधी कापतात, कारण कागदावर ती काहीच करत नाही.

पावसाचं पाणी वेगळं काढा. आपल्याकडच्या पावसात छपराची पन्हळ ईटीपीला जोडलेली असेल तर एका रात्रीत स्लज वाहून जातो. स्लज सुकवायच्या वाफ्यांवर छप्पर हवंच. शोषखड्ड्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जांभ्यातून पाणी झिरपत शेजाऱ्याच्या विहिरीत पोचायला वेळ लागत नाही.

वीजबिलासाठी एक मोठा ब्लोअर न घेता दोन छोटे मागा. हंगामात दोन्ही चालवा, जून-जुलैत एकावर भागतं.