पेडल नरम पडलं होतं की कडकच होतं, आधी ते सांगा

प्रश्न : दादा, माझी 2014 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, सगळं कंपनीचंच. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर कोइम्बतूरला करी स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायला गेलो होतो. पहिले तीन लॅप मस्त गेले, चौथ्याला स्ट्रेट संपताना ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली गेलं, दोन-तीनदा पंप केल्यावर कशीबशी गाडी आवरली. अर्ध्या तासाने बघतो तर पेडल परत पहिल्यासारखं. मेकॅनिक म्हणतो काही प्रॉब्लेम नाहीये, मित्र म्हणतात रेसिंगचे ब्रेक पॅड टाक. बजेट 15 हजार आहे, कुठले पॅड घेऊ? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पॅडला सध्या हात लावू नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की पेडल खाली गेलं आणि पंप केल्यावर परत आलं, म्हणजे तुमचं ब्रेक ऑइल उकळलं. ऑइल उकळलं की कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि तुमच्या पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचतच नाही. गाडी थंड झाली की वाफेचं परत ऑइल होतं, पेडल कडक लागतं आणि सगळ्यांना वाटतं काही झालंच नव्हतं. मेकॅनिकने थंड गाडी बघितली, त्याला काय दिसणार. पण त्याच ऑइलवर परत ट्रॅकवर उतरलात तर परत तेच होणार, आणि दर वेळी पंप करायला जागा मिळेलच असं नाही, म्हणून कळकळीने सांगतोय.

पॅड फेड झाले असते, म्हणजे तापून त्यांची पकड गेली असती, तर लक्षण वेगळं असतं. पेडल कडकच राहतं, तुम्ही दोन्ही पाय दिल्यासारखं दाबता आणि गाडी पुढे जातच राहते, वर जळकट उग्र वास येतो. रोडच्या पॅडमधलं रेझिन ठरावीक तापमानाच्या वर जळायला लागतं, त्याचा गॅस पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो, पकड जाते. नंतर पॅड काढून बघितले तर तोंड काचेसारखं चकचकीत झालेलं असतं.

उष्णता किती असते त्याचा अंदाज घ्या. ड्रायव्हर धरून 1050 किलोची गाडी 120 वरून 60 वर आणली की जेवढी उष्णता निघते तेवढ्यात जवळजवळ दीड लिटर पाणी उकळतं, तेही एका ब्रेकिंगमध्ये. त्यातला साधारण 70 टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो, एक डिस्क 5 किलोची धरली तर दर वेळी ती 60 अंशांच्या आसपास वर चढते, आणि थंड व्हायच्या आत पुढचा कॉर्नर आलेला असतो.

आता ऑइलचं. डब्यावर डॉट 3, डॉट 4 असा ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो. डॉट 4 चा किमान उत्कलनबिंदू नवा असताना 230 अंश, आणि पाणी शोषल्यावर 155. डॉट 3 चा तर 205 आणि 140. आपल्याकडे कोकणात, घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवेतलं पाणी ते ओढतच राहतं, त्यामुळे दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल म्हणजे पाणी प्यालेलंच समजा. मी स्वतः हे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर शिकलो. जायच्या आधी एका गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतलं होतं, त्यांनी कधीचा तरी उघडा पडलेला डबा वापरला आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या सेशनला पेडल गेलं. संध्याकाळी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथे, कॅलिपरच्या निप्पलला (ऑइल काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून ऑइल काढलं तर कोऱ्या चहाच्या रंगाचं, आणि नळीतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक वर येत होते. ती नळी अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून सीलबंद डबा माझ्यासमोर फोडल्याशिवाय मी ऑइल भरू देत नाही.

तर तुमचे पैसे आधी इथे घाला. चांगलं डॉट 4 किंवा 5.1, आणि ट्रॅक डे नेहमीचे होणार असतील तर रेसिंग फ्लुइड, उदाहरणार्थ मोटुल आरबीएफ 600, ज्याचा नवा असतानाचा उत्कलनबिंदू 312 अंश आहे. फक्त ते लवकर लवकर बदलावं लागतं. पण नुसत्या 5 नंबरचं, म्हणजे सिलिकॉनवालं डॉट 5 चुकूनही त्यात मिसळू नका. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा नीट काढून घ्या. पॅडची जाडी बघा, निम्म्याच्या खाली आलेले असतील तर ट्रॅकवर जाऊ नका, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनला आणि तिथून ऑइलला जाते.

एवढं करून परत गेलात आणि पेडल कडक असून गाडी थांबत नसेल तर मग पॅड घ्या, तेही रोड आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे, म्हणजे फेरोडो डीएस2500 किंवा ईबीसी यलोस्टफ ह्या जातीचे, आणि फक्त पुढचे. मागचे ड्रम आहेत तसेच राहू द्या. मागे जास्त पकड आली तर ब्रेकिंगला मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गोल फिरते. आणि पूर्ण रेसचे पॅड लावून सांगलीहून चालवत जायचा विचार असेल तर तो सोडा, थंड असताना ते पकडच घेत नाहीत, सकाळी पहिल्या सिग्नललाच घाबराल.

प्रश्न : सर, नवीन परफॉर्मन्स पॅड बसवले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रॅकवर नेले तर जुन्यांपेक्षा वाईट ब्रेक लागले, आता ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकली का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बहुतेक वाकलेली नाही. पॅड सेट न करताच तुम्ही तापवलेत. नव्या पॅडमधला गॅस पहिल्या तापण्यात बाहेर पडतो, तेव्हा पकड जाते, ट्रॅकवाले त्याला ग्रीन फेड म्हणतात. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसावा लागतो, तुमचा तो डागाडागाने बसलाय म्हणून थरथर. पहाटे मोकळा रस्ता बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून 80 वरून 20-30 पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग पाच-दहा किलोमीटर ब्रेक न लावता चालवा. तरी थरथर राहिली तर डिस्क लेथवर हलकी फिरवून घ्या आणि परत पहिल्यापासून करा. ट्रॅकवरून आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, पेडलवर पाय ठेवून उभं राहायचं नाही, गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा. शेवटचा लॅप कायम हळू.

प्रश्न : नमस्कार, मी ऑटोक्रॉस सुरू केलंय, मातीवर, एक रन दीड मिनिटाचा. सगळे म्हणतात मुलगी आहेस तर आधी ब्रेक अपग्रेड कर. कुठले पॅड? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, मुलगी असण्याचा आणि पॅडचा काडीचा संबंध नाही, तुम्ही बिनधास्त चालवा. दीड मिनिटात मातीवर पॅड तापतच नाहीत, तिथे थंड असताना पकडणारे पॅड हवेत आणि कंपनीचे पॅड त्यासाठीच बनवलेले असतात. चांगल्या स्थितीतले कंपनीचे पॅड, ताजं ऑइल, आणि वाचलेले पैसे टायरला. उद्या टारमॅकवर, म्हणजे डांबरी ट्रॅकवर जाल तेव्हा डिस्कच्या कडेला तापमानाचा रंग लावून बघा, हिरवा रंग 430 अंशांना, नारिंगी 560 ला आणि लाल 610 ला पांढरा पडतो. त्यावरून पॅड निवडा, पॅडॉकमधल्या सल्ल्यांवरून नको.

प्रश्न : रेसचं नाही, पण विचारतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला भरलेली गाडी उतरवताना ब्रेकचा वास येतो. चांगले पॅड टाकू का? (एक वाचक, महाड)

उत्तर : टाकू नका, गिअर खाली घ्या. आंबेनळी घाटाने तुम्ही सुमारे 1300 मीटर खाली येता, वर सांगितलेल्या त्या स्विफ्टचं ते एक ब्रेकिंग 30 पेक्षा जास्त वेळा केल्याएवढी ताकद कुठेतरी जिरवावी लागते, भरलेल्या गाडीला त्याहून जास्त, ती इंजिनला जिरवू द्या. चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका, थोडा वेळ जोरात मारा आणि सोडा. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास बसा, आणि चाकांवर पाणी अजिबात ओतू नका, तापलेल्या डिस्कला तडा जातो.