भावाला ऐकू येत नाही. आयटीआयला टर्नर घ्यावा की कोपा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकट्या भावाचं 60 टक्के कर्णबधिरत्व, दहावी झालीय, टर्नर (लेथ मशीनवर धातूचे भाग घडवायचा ट्रेड) लागतोय, आणि ओळखीचे एक सर म्हणतात, ज्याला मशीनचा आवाज कळत नाही तो हात तोडून घेईल, त्यापेक्षा कोपाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या ट्रेडला घाला.

टर्नरला घाला. मी 27 वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात सरकारी आयटीआयत टर्नरचा शिल्प निदेशक होतो. हेच वाक्य आमच्या गटनिदेशकांनी, म्हणजे माझ्या वरच्या साहेबांनी, माझ्या शॉपच्या (वर्कशॉपच्या) दारात उभं राहून एका पोराच्या आईला ऐकवलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो. म्हणून आज जरा लांब लिहितोय.

2016 ची बॅच. पोरगा इचलकरंजीकडचा, बाप यंत्रमागावर. जन्मापासून बहिरा, एका कानाला यंत्र, थोडं ओठांवरून समजायचं. प्रवेश नियमाने झाला होता, तो नाकारता येत नव्हता. मग आईला ऑफिसात बोलावून हमीपत्र लिहून घेतलं, अपघात झाल्यास संस्था जबाबदार नाही म्हणून. बाकी एकाही पोराकडून असलं पत्र घेतलं नव्हतं. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्यांनी सही केली.

पहिला दीड महिना मीही त्याला व्हाइसवरच, म्हणजे शिकंज्यात तुकडा पकडून हाताने घासायच्या कामावरच ठेवलं. बाकीची पोरं लेथवर गेली तरी हा आपला फाइल (कानस) घासतोय. त्याचा जॉब, म्हणजे घासलेला तुकडा, गुण्याला लावून उजेडात धरला तर मधून उजेड येत नसे, इतका सरळ. एक दिवस त्याने वहीत लिहून माझ्यापुढे धरलं, ‘सर मशीन कधी?’ उत्तर नव्हतं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी लेथ दिला.

आता मशीनच्या आवाजाबद्दल. लेथवर पोरांना लागतं ते कशाने? चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) विसरलेली चावी, सैल बाही, हाताने ओढलेली चिप (धातूची कात्रण), फिरत्या जॉबवर धरलेलं पुसायचं कॉटन वेस्ट. यातलं काय कानाने कळतं? सगळं डोळ्यांनी बघायचं आणि हाताला लावून घ्यायचं असतं. दहाबारा लेथ एकदम चालू असले की माझी हाक तिसऱ्या मशीनपर्यंत पोहोचत नसे. आणि आवाज फार असलेल्या कारखान्यात कामगारांना इअरप्लग घालायला लावतात, म्हणजे तिथे सगळेच कान बंद करून काम करतात. कानाचा एक उपयोग मी मान्य करतो, टूल चॅटर करायला, म्हणजे थरथरायला लागलं की आवाज बदलतो. तो पोरगा हँडव्हीलवरच्या तळव्यातून ते ओळखायचा, कित्येकदा माझ्याआधी. मी मान वर करेपर्यंत त्याने फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी केलेला असायचा.

आम्ही बदल केले ते इतकेच. त्याला भिंतीकडचा लेथ दिला, म्हणजे पाठीमागून कुणी येणार नाही. हात लावून हाक मारायची नाही, समोर येऊन हात हलवायचा, हे सगळ्या बॅचला सांगितलं. घंटेच्या वायरवर एक लाल दिवा जोडला, तो इलेक्ट्रिशियनच्या पोरांनी प्रॅक्टिकलच्या तासाला लावून दिला, साडेतीनशे रुपयांत. आणि मी फळ्याकडे तोंड करून बोलणं सोडलं. आधी लिहायचं, मग वळून बोलायचं. मशीनवर दाखवताना आधी मुकाट्याने करून दाखवायचं, मशीन बंद करायचं, मग समजावायचं. माझी ऐकू येणारी पोरंसुद्धा त्या वर्षी थ्रेडिंग (आटे पाडणं) लवकर शिकली.

मग मला परीक्षेच्या कामावर दुसरीकडे पाठवलं. परत आलो तर पोरगा टूल क्रिबमध्ये (हत्यारं देण्याघेण्याच्या खोलीत). अकरा दिवस प्रॅक्टिकलच्या तासाला तो दुसऱ्यांना मायक्रोमीटर देत-घेत होता. ‘सुरक्षिततेसाठी’. रजिस्टर इतकं नीट लिहिलं होतं की बघवेना. तेव्हा मात्र मी गटनिदेशकांच्या केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, उद्या बोट गेलं तर तुम्ही उत्तर देणार का? मी म्हटलं, देईन, बाकी सगळ्या पोरांचं देतो तसंच. बोलणं पार हमरीतुमरीवर गेलं.

नेमका त्याच वर्षी, 19 एप्रिल 2017 ला, नवा दिव्यांग हक्क कायदा लागू झाला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, यात 21. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली, की दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरता यावं म्हणून वाजवी बदल करून द्यायचे, ते अवाजवी बोजा ठरत नसतील तर. मी ती पानं प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, साडेतीनशेचा दिवा बोजा आहे का सांगा. पोरगा दुसऱ्या दिवशी लेथवर. साहेब माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.

2018 ला तो पास झाला. आज शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) आहे. मशीनला अलार्म आला की वर तिरंगी दिवा पेटतो, तो सगळ्यांसाठीच असतो. दहाही बोटं शाबूत आहेत, हे साहेब कधी इथे आलेच तर त्यांनी वाचावं.

तुमच्या सरांनी नुसतं बहिरेपण बघून निकाल दिलाय. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओमकार गोंड प्रकरणात सांगितलं की नुसत्या टक्केवारीवरून विद्यार्थ्याला अपात्र ठरवता येत नाही, तो ते शिक्षण घेऊ शकतो का हे तपासायला हवं. ते प्रकरण एमबीबीएसचं होतं, पण मुद्दा तुमच्या सरांना जरूर ऐकवा.

काही गोष्टी राहिल्या. प्रत्येक ट्रेडच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला एक तक्ता असतो, त्यात तो ट्रेड कोणत्या दिव्यांगत्वासाठी चालतो ते दिलेलं असतं. फॉर्म भरण्याआधी तो बघा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) तयार ठेवा. डोक्यावरून क्रेन फिरणाऱ्या शॉपमध्ये त्याला नोकरी लागली तर दिव्याची सोय आहे का ते आधी विचारा, तिथे ऐकू न येण्याचा धोका खरा आहे. कानाचं यंत्र मशीनचा आवाजही वाढवतं, माझा पोरगा शॉपमध्ये ते काढून ठेवायचा. तुमच्या भावाने डॉक्टरांना विचारावं. शेवटी हा एकाच मुलाचा अनुभव आहे, तेही लक्षात असू द्या.

कोपा वाईट नाही, एका वर्षात होतो. पण तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात भावाला काय हवंय ते कुठेच नाही. त्याला एकदा शॉपमध्ये नेऊन उभं करा आणि विचारा.

आणि प्रवेशाच्या वेळी फक्त त्याच्याचपुढे हमीपत्र ठेवलं तर सही करू नका. फारच अडवलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्याआधी कागदाचा फोटो मला मेसेजमध्ये पाठवा, उत्तरात काय लिहायचं ते मी सांगतो.