खाऱ्या हवेतली छोटी इंजिनं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मॉडेल विमानांच्या जुन्या इंजिनांबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक सगळे आपल्या किनारपट्टीवरचेच आहेत आणि बहुतेकांचं दुखणंही एकच आहे, इंजिन कुठेतरी माळ्यावर पडून होतं आणि आता फिरत नाहीये. म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला देतोय.

प्रश्न (देवगड) : माळा साफ करताना काकांची ट्रंक उघडली, त्यात फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं इंजिन निघालं. काका ७०च्या दशकात कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला होते, तारेवर विमान उडवायचे. इंजिन पूर्ण जाम आहे, अंगावर चॉकलेटी चिकट थर आहे, डोक्यावर एक आडवी दांडी आहे पण प्लग कुठेच दिसत नाही. आठवडाभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, ढिम्म हललं नाही. पाना लावून फिरवू का? आई म्हणते चिंच लावून घास, चकचकीत होईल.

पाना आधी खाली ठेवा.

तुमच्याकडे आहे ते मॉडेल डिझेल. डोक्यावरची ती आडवी दांडी म्हणजे कॉम्प्रेशनचा स्क्रू, तो आवळला की सिलिंडरमध्ये वरच्या बाजूला असलेला दुसरा छोटा पिस्टन खाली सरकतो, त्याला काँट्रा-पिस्टन म्हणतात, आणि आतली हवा जास्त दाबली जाऊन इंधन आपोआप पेटतं. म्हणून प्लग नाही. कलकत्त्याला बनलेली ‘ऑरोरा’ या नावाची डिझेल इंजिनं आपल्याकडच्या जुन्या ट्रंकांमधून अशी निघतात, तुमचं कुठलं आहे ते अंगावर कोरलेल्या नावावरून कळेल, थर निघाला की बघा.

आता तो चॉकलेटी थर. ते गंज नाही, ते एरंडेल आहे! या इंजिनांच्या इंधनात वंगण म्हणून एरंडेल असतं, आणि ते गरम होऊन, मग वर्षानुवर्षं पडून राहून घट्ट होतं, वार्निशसारखं. एरंडेल ताजं असतानाही रॉकेलमध्ये नीट मिसळत नाही, मग वाळलेलं कुठून विरघळणार, म्हणून तुमचा आठवडा फुकट गेला. पण हाच थर गेली चाळीस-पन्नास वर्षं त्या लोखंडावर बसून खाऱ्या हवेला आत येऊ देत नव्हता, हेही लक्षात घ्या. एरंडेलाने जाम झालेलं इंजिन बहुतेक वेळा आतून शाबूत असतं. जाम म्हणजे मेलं असं नाही.

त्याला ऊब द्यायची. हॉट एअर गन असेल तर उत्तम, नसेल तर घरातला हेअर ड्रायर थोडा जास्त वेळ. आधी कॉम्प्रेशनचा स्क्रू एक-दीड फेरा सैल करा, मग सिलिंडरला चहूबाजूंनी गरम करा, हात लावता येणार नाही इतपत, मग एक्झॉस्टच्या खिडकीतून दोन थेंब पातळ तेल सोडा आणि पुढे लाकडी पंखा, म्हणजे प्रोपेलर, बसवून हाताने मागेपुढे, मागेपुढे हलवा. हातमोजा घाला. पहिल्यांदा केसभर हलेल. परत गरम करा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पंखा एकदम मधातून फिरल्यासारखा जड पण सलग फिरायला लागतो आणि खिडकीतून पिस्टनची कड वरखाली होताना दिसते, तो क्षण मला आजही तितकाच आवडतो.

पाना का नको ते सांगतो. मी सोळा वर्षांचा असताना असंच एक अडीच सीसीचं डिझेल हाती लागलं होतं, धीर निघेना म्हणून पुढच्या शाफ्टला पक्कड लावली. आतून काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला आणि शाफ्ट फिरायला लागला, मला वाटलं सुटलं, पण पिस्टन जागच्या जागी. कनेक्टिंग रॉड तुटला होता, बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो पार्ट पुढे कुठेच मिळाला नाही, ते इंजिन अजून तसंच माझ्या कपाटात आहे.

फिरायला लागलं की खोला, पण प्रत्येक पार्ट काढायच्या आधी मोबाईलवर फोटो. पिस्टन कुठल्या तोंडाने बसलाय, लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीची, खिडकी कुठे आहे, सगळं. मग साफसफाई. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट, ग्लायकॉलवालं, पाणी न घातलेलं, ते एका जुन्या राइस कुकरमध्ये घ्या, धातूचे पार्ट त्यात बुडवा आणि कुकर वॉर्मवर ठेवून रात्रभर सोडा. उकळायचं नाही. प्लास्टिकची टाकी, रबर, कागदी गॅस्केट आणि रंगीत हेड असेल तर ते बाहेरच ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं की थर सालीसारखा निघतो. मग गरम पाण्याने धुवा, परत ड्रायरने कोरडं करा आणि लगेच तेल लावा, आपल्याकडे ‘लगेच’ म्हणजे खरंच लगेच, पावसाळ्यात तर उघड्या लोखंडावर काही तासांत तांबूस छटा येते. हे सगळं पडवीत करा, स्वयंपाकघरात नको, तो कुकर पुन्हा भातासाठी वापरायचा नाही, आणि कूलंट चवीला गोड असतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, तेव्हा झाकून ठेवा.

चिंच नको. तांब्याच्या हंड्याला ठीक आहे, पण इथे आंबट पाणी पोलादाला गंज चढवतं. कॉस्टिक किंवा संडास साफ करायचं लिक्विड तर अजिबात नको, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. पिस्टन आणि लायनरला पॉलिश पेपरही लावू नका. या छोट्या डिझेलमध्ये सहसा रिंग नसते, पिस्टन लायनरमध्ये घासून घासून मायक्रॉनमध्ये बसवलेला असतो, ते माप गेलं की कॉम्प्रेशन गेलं आणि मग शोकेसमध्ये ठेवण्याशिवाय इलाज नाही. बाहेरून जुनंच दिसू दे की, काकांनी वापरलेलं आहे.

प्रश्न (दापोली) : इंधन घरी बनवता येईल का? एरंडेल किराणा दुकानातलं चालेल का? आणि ग्लो इंजिनमध्ये सरळ पेट्रोल घातलं तर?

दोन वेगळी इंधनं आहेत, गल्लत करू नका. देवगडकरांसारख्या डिझेलला ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण एकास एकास एक. पंपावरचं डिझेल नाही. ईथर पटकन पेट घेतं म्हणून ते लागतंच, पण त्याचं आणखी एक काम आहे, एरंडेल आणि रॉकेलला एकत्र बांधून ठेवायचं. बाटलीचं बूच सैल राहिलं, ईथर उडून गेलं, की तळाला एरंडेल वेगळं दिसतं, ते इंधन मग फेकायचं.

ज्याच्या डोक्यावर प्लग आहे ते ग्लो इंजिन. त्याला मेथनॉल आणि एरंडेल, ८०-२० हे जुनं सरळ प्रमाण, स्पर्धांमध्येही चालतं. परदेशी डब्यांमध्ये नायट्रोमिथेन असतं, त्याने ताकद वाढते आणि आयडलिंग सुधारतं, पण साध्या इंजिनाला त्याच्यावाचून अडत नाही. पेट्रोल मात्र चालणार नाही आणि कारण छान आहे. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची तार असते, सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ती लाल करायची, नंतर सेल काढला तरी ती लालच राहते, कारण मेथनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथे स्वतःहून उष्णता तयार होते. पेट्रोलचं आणि प्लॅटिनमचं असं जमत नाही. रे आर्डेन या अमेरिकन संशोधकाने १९४७ मध्ये हा प्लग बाजारात आणला आणि मॉडेलच्या इंजिनांवरची कॉइल, कंडेन्सर, बॅटरी ही सगळी लटांबर गेली.

एरंडेल केसांना लावायचं वासाचं नको, शुद्ध घ्या. एरंडेलच का, तर ते मेथनॉलमध्ये विरघळतं, गाडीचं ऑइल विरघळत नाही, तळाशी बसतं आणि इंजिन कोरडं राहतं. पहिल्या महायुद्धातली फिरत्या सिलिंडरची विमानंसुद्धा एरंडेलावरच चालायची.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. मेथनॉल विष आहे, थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीव जातो. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरच्या वर माणसं गेली ती मेथनॉलमुळेच. त्याची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही. परवाना असलेल्या केमिकलवाल्याकडूनच घ्या, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका, कुलपात ठेवा.

प्रश्न (रत्नागिरी) : माझं जपानी ४० साइजचं (०.४० घन इंचाचं) ग्लो इंजिन दरवर्षी गणपतीत बाहेर काढतो तेव्हा खरखर करतं. दोनदा बेअरिंग बदलली. इंजिनच खराब आहे का?

इंजिन चांगलं आहे, ठेवण्यात चूक होतेय. मेथनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, शेवटच्या उड्डाणानंतर आत जे थोडं इंधन राहिलं ते जूनपासून आपल्या दमट हवेतलं पाणी पीत बसतं, आणि ते सगळं मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर. मीठ आहेच वरून. चालवून खराब झालेली इंजिनं मी कमी बघितलीत, न चालवता ठेवून खराब झालेली जास्त.

दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की इंधनाची नळी काढून इंजिन कोरडं होऊन बंद पडेपर्यंत चालू द्या. मग कार्ब्युरेटरमधून आणि प्लगच्या भोकातून एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल, पाच-सहा थेंब सोडा आणि पंखा दहा-वीस वेळा हाताने फिरवा. घरी आल्यावर नाही, सड्यावरच, इंजिन गरम असताना. मग सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात.

यावेळी बेअरिंग बदलताना ठोकून काढू नका. सगळं सुटं करून नुसती क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं ॲल्युमिनियमचं बाहेरचं अंग, साधारण १२०-१५० डिग्रीला गरम करा आणि लाकडाच्या फळीवर सपाट आपटा, मागची बेअरिंग आपली आपण बाहेर पडते, ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं म्हणून. नवी बसवताना क्रँककेस गरम आणि बेअरिंग फ्रीजमधून काढलेली. बेअरिंगवरचा नंबर घेऊन दुकानात जा, ‘विमानाची’ म्हणून मागू नका.

प्रश्न (मालवण) : विमानाचं ४० साइजचं इंजिन मॉडेल बोटीत बसवायचंय. खाडीत चालवणार. काय बदल लागतील?

हा बदल होण्यासारखा आहे, आपल्याकडे उडवायला मोकळी जागा कमी आणि पाणी भरपूर, मला कल्पना आवडली. पण आधी ते इंजिन आहे तसं, पंखा लावून, फळीवर आवळून चालवा. चालतं का, गती कमी-जास्त होते का, हे माहीत नसताना बदल केलेत तर नंतर चूक कुठे आहे तेच कळणार नाही.

विमानात पंखा दोन कामं फुकट करतो, फ्लायव्हील होतो आणि हवा मारून थंड ठेवतो. बोटीत दोन्ही जातात. म्हणून शाफ्टवर पितळेचं फ्लायव्हील हवं, त्याला खाच पाडून घ्या म्हणजे पट्ट्याने स्टार्ट करता येईल, आणि लोड नसताना थ्रॉटल उघडायचा नाही, इंजिन सुसाट सुटतं. थंड करायला हवेसाठी पातळ पट्ट्या (फिन) असलेल्या हेडच्या जागी पाण्याचं जॅकेट असलेलं हेड. बंदरावर ट्रॉलरची कामं करणारा चांगला लेथवाला दोन्ही करून देईल, फक्त जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जाऊ नका, तेव्हा सगळ्या बोटी वर ओढलेल्या असतात आणि त्याला मान वर करायला वेळ नसतो. फ्लायव्हीलचा बॅलन्स मात्र नीट तपासून घ्या, हे मिनिटाला दहा-बारा हजार फेरे मारणार आहे.

पाणी सुकाणूजवळच्या नळीतून आपोआप चढतं. आणि ते पाणी खारं आहे, घरी आल्यावर त्याच नळीतून बाटलीभर गोडं पाणी सोडायचं, प्रत्येक वेळी. बोट उलटली आणि इंजिनात पाणी गेलं तर लगेच स्टार्टर मारू नका, पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. प्लग काढा, उलटं धरून फिरवा, मग पुढचं.

प्रश्न (गुहागर, नववीतला विद्यार्थी) : मामांनी २५ साइजचं इंजिन दिलंय, चालू आहे. कानस मारून एक्झॉस्टची खिडकी मोठी केली तर स्पीड वाढेल असं व्हिडिओत बघितलं. करू का?

कानस नको रे. खिडकीची वरची कड कुठे आहे त्यावर ती कधी उघडते ते ठरतं, कड अर्धा मिलिमीटर वर गेली तरी सगळं टायमिंग बदलतं, वरच्या फेऱ्यांना थोडा फायदा आणि खाली ताकद गायब. त्यात तुझ्या इंजिनात पितळेच्या लायनरवर क्रोमचा मुलामा असेल, त्याला एबीसी म्हणतात, तर कानस लागल्यावर क्रोमचे कपचे उडतात आणि ते पिस्टनमध्ये जातात. केलेलं परत भरून निघत नाही.

परत पूर्ववत करता येतील असे बदल आधी कर. पंखे बदलून बघ, ९×६ काढून ९×५ लाव (पहिला आकडा पंख्याचा व्यास, दुसरा पिच म्हणजे पात्याची तिरकी चाल, दोन्ही इंचात), फेरे वाढतात की नाही ते ऐक आणि वहीत लिही. नवा ग्लो प्लग लाव. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, एकेक क्लिक फिरवून बघ, इंधन एकदम कमी करू नकोस, एक्झॉस्टमधून थोडा धूर दिसलाच पाहिजे, धूर गेला म्हणजे तेल कमी पडतंय. एबीसी इंजिन थंड असताना वरच्या टोकाला पिस्टन आवळल्यासारखा वाटतो, तो दोष नाही, लायनर मुद्दाम वर निमुळता केलेला असतो, घाबरून घासू नकोस.

आणि पंखा बोटाने मारायचा नाही, काठीला रबराची नळी घालून तिने मारायचा. इंजिन सुरू झालं की पंख्याच्या मागे जाऊन नीडल फिरवायची, समोरून किंवा बाजूने हात घालायचा नाही, पंख्याच्या रेषेत कोणाला उभं करायचं नाही. पहिल्या वेळी मामांना बोलव.