फोन असताना गाण्यांसाठी वेगळा प्लेअर घ्यावा का?

कोल्हापुरात फुलेवाडीला राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 36, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर. हातात पगार 42,000, त्यातले साधारण 5,000 ओव्हरटाइमचे. पत्नी बालवाडीत शिकवतात, त्यांचे 9,000. घरकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च 39,000, म्युच्युअल फंडाची एसआयपी 5,000. अडीअडचणीसाठी पतसंस्थेत 60,000 ठेवलेत. एक मुलगा, पहिलीत.

ते लिहितात: "कंपनीच्या बसमध्ये जाता-येता आणि रात्री जेवणानंतर गाणी ऐकतो. वडिलांनी जमवलेल्या 180 सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय. पण फोनवर गाणं लावलं की दोन मिनिटांत मेसेज येतो, मग रील्स, आणि गाणं कुठं गेलं कळत नाही. फोन तीन वर्षांचा झालाय, बॅटरी दुपारीच संपते. 27,000 चा अँड्रॉइड म्युझिक प्लेअर आणि 12,000 चे वायरचे इअरफोन नो-कॉस्ट ईएमआयवर बारा हप्त्यांत घ्यावेत असं मनात आहे. घरचे म्हणतात, त्यापेक्षा 35,000 चा नवा फोनच घ्या, गाणी त्यात वाजतातच की. काय करू?"

नमस्कार.

तुमची गरज खरी आहे, हे आधी सांगतो. दिवसभर मशीनच्या आवाजात काम करणाऱ्या माणसाला एक तास कुणी मध्ये न बोलता गाणं ऐकायचं असेल, तर त्या तासासाठी पैसे खर्च करणं मला उधळपट्टी वाटत नाही. घरखर्च, हप्ता, एसआयपी हे सगळं भागवून तुम्ही विचारताय. त्यामुळे "फोन असताना कशाला" एवढ्यावर मी हा विषय संपवणार नाही. पण प्लेअर आणि इअरफोन मिळून 39,000 हा त्या तासाचा भाव नाही. तो बराच कमी आहे.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्यात. एक, फोन गाणं ऐकू देत नाही. दुसरी, फोनची बॅटरी गेली आहे. दुसरीचा इलाज अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून घेणं हा आहे. मधल्या किमतीच्या बहुतेक फोनला दोन-तीन हजारांत ते काम होतं आणि फोन आणखी दीड-दोन वर्षं आरामात चालतो. म्हणजे 35,000 चा नवा फोन हा पर्याय आत्ता बाजूला ठेवा. शिवाय नव्या फोनवरही तेच मेसेज आणि त्याच रील्स येणार, म्हणजे पहिली तक्रार होती तिथंच राहणार.

आता पहिली तक्रार. तुम्ही निवडलेला 27,000 चा प्लेअर अँड्रॉइडवर चालतो. त्यात वाय-फाय आहे, प्ले स्टोअर आहे. महिनाभरात त्यावर व्हिडिओचं एखादं ॲप येईल, मग मेसेजचं. ज्या गोष्टीपासून सुटका हवी तीच जास्त पैसे देऊन पुन्हा खिशात घेताय. दुसरं असं की अशा प्लेअरचं अँड्रॉइड पुढं फारसं अपडेट होत नाही. काही वर्षांनी गाण्यांची ॲप्स त्यावर चालायची बंद होतात आणि महागडं यंत्र निम्म्या कामाचं उरतं. अँड्रॉइड नसलेले, फक्त मेमरी कार्डावरची गाणी वाजवणारे साधे प्लेअर फिओ, हायबी, शानलिंग अशा कंपन्या बनवतात. दहा हजारांच्या आसपास चांगला मिळतो. तुमच्या कामाला तोच जास्त योग्य आहे.

आवाजाच्या दर्जाबद्दल दुकानदार खूप काही सांगेल. त्यातलं थोडंच तुमच्या उपयोगाचं आहे. सीडीवरचं संगीत 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचं असतं. माणसाच्या कानाला ऐकू येणारी सगळी पट्टी त्यात बसते. ते फ्लॅक फाइलमध्ये उतरवलं तर काहीही न गमावता जागा निम्म्याच्या आसपास लागते. एका सीडीला साडेतीनशे एमबी धरले, तरी 180 सीडी 63 जीबीत बसतात. म्हणजे 128 जीबीचं कार्ड पुरे, टेराबाइटच्या गोष्टी ऐकायची गरज नाही. आणि थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात राहून तुमच्या वडिलांनी त्यांच्याच घराण्याचे केसरबाई केरकर, मल्लिकार्जुन मन्सूर जमवले असणार, असा माझा अंदाज आहे. केसरबाईंची जुनी ध्वनिमुद्रणं 78 आरपीएमच्या तबकड्यांवरची, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. त्या काळच्या यंत्रांनी वरच्या पट्टीतला बराचसा आवाज पकडलाच नव्हता. जो आवाज मुद्रणातच नाही, तो 27,000 चा प्लेअरही आणू शकत नाही. ती तान तुम्हाला दहा हजारांच्या प्लेअरवरही तेवढीच भिडेल.

फरक पडतो तो इअरफोनमुळे. सध्या ब्लूटूथवर ऐकत असाल तर एक लक्षात घ्या: ब्लूटूथवर डिजिटल गाण्याचा आवाज बनवण्याचं काम इअरबडमधल्या चिपमध्ये होतं. प्लेअरमधली महागडी चिप, जिला डॅक म्हणतात आणि जिच्यासाठी तुम्ही पैसे मोजता, ती तेव्हा नुसती बसून असते. म्हणून वायरचे इअरफोन हा तुमचा विचार बरोबर आहे, पण 12,000 ची गरज नाही. तीन हजारांत कानात घट्ट बसणारे चांगले मिळतात. घट्ट बसणं महत्त्वाचं, कारण बसच्या घरघरीवर मात करायला मग आवाज वाढवावा लागत नाही. आठ तास मशीन शॉपमध्ये काढलेल्या कानांना तेवढी विश्रांती द्या.

आता हप्त्यांकडे वळतो, कारण मला खरी काळजी तिथं आहे. 39,000 भागिले 12, म्हणजे महिन्याला 3,250. तुमचे महिन्याला 7,000 उरतात, त्यामुळे हा हप्ता बसतो असं वाटतं. पण त्या 7,000 मधले 5,000 ओव्हरटाइमचे आहेत. आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावचं काम बरंचसं वाहन आणि ट्रॅक्टर कंपन्यांच्या ऑर्डरवर चालतं. ऑर्डर मंदावली की आधी ओव्हरटाइम बंद होतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता. तसं झालं तर हातात 2,000 उरतील आणि हप्ता 3,250 चा असेल. मग एसआयपी थांबवाल किंवा क्रेडिट कार्डाचं बिल अर्धवट भराल. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या घरात जातं.

आणि नो-कॉस्ट हे नाव फसवं आहे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. बँक व्याज घेतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत दाखवते. 15 टक्के दर धरला तर तुमच्या व्यवहारात ते व्याज 3,000 च्या जवळ जातं. ते त्या सवलतीतून वळतं होतं, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 540 रुपये, तुमच्याच खिशातून जातो. वर प्रक्रिया शुल्क दोन-तीनशे. रोखीनं घेतलं असतं तर दुकानदारानं जी सूट दिली असती, तीही गेली. रक्कम मोठी नाही, पण "फुकट" म्हणून घेऊ नका.

माझा सल्ला असा. वहिनींचा किंवा तुमचा जुना फोन कपाटात पडला असेल तर तो आधी काढा. बॅटरी फुगलेली नसेल तरच. सिम काढा, सगळी ॲप्स उडवा, फक्त एक म्युझिक प्लेअर ठेवा, त्यात 20-25 सीडी उतरवून घाला आणि वाय-फाय बंद करा. हेडफोनची पिन नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा डोंगल-डॅक हजार ते तीन हजारांत येतो. तीन हजारांचे इअरफोन आत्ताच घ्या, ते पुढंही कामी येतील. दिवाळीपर्यंत रोज याच्यावर ऐका. जुन्या फोननंच भागलं तर विषय तिथं संपला, दहा हजार वाचले. पण रोज ऐकताय आणि त्या जुन्या फोनची बॅटरी किंवा त्याचा संथपणा नडतोय असं झालं, तर दिवाळीच्या बोनसमधून दहा हजारांपर्यंतचा साधा प्लेअर रोखीनं घ्या, आणि वहिनींना माझा होकार आहे म्हणून सांगा. उरलेला बोनस अडचणीच्या पैशात जाऊ दे.

तो अडचणीचा पैसा सध्या दीड महिन्याच्या खर्चाएवढाच आहे. चार महिन्यांचा, म्हणजे 1,56,000 व्हायला हवा. 27,000 चं यंत्र घेण्याआधी तो पूर्ण करा असंच मी म्हटलं असतं. दहा हजारांसाठी तेवढं अडवणार नाही, दरमहा त्यात भर पडत असेल तर. मात्र तो पतसंस्थेत ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, एका ठेवीदारामागे 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नसतं. आपल्या जिल्ह्यात व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळतं म्हणून लोक सगळंच तिथं ठेवतात. अडचणीचा पैसा मागितल्या दिवशी मिळायला हवा. पत्रात टर्म विम्याचा उल्लेख नाही. घरकर्ज आहे, मूल लहान आहे, तर प्लेअरच्या आधी तो काढा.

प्लेअर घेताना जीएसटीचं बिल घ्या आणि बॅटरी बदलून मिळते का, कुठं आणि किती दिवसांत, हे दुकानात लिहून मागा. ॲपलनं 2022 मध्ये आयपॉड बंद केला, तेव्हापासून हा बाजार आणखी आक्रसला आहे आणि दुरुस्ती करणारे फार थोडे आहेत. बाहेरच्या देशातून स्वस्त पडतो म्हणून मागवलात तर कस्टम ड्युटी लागेल आणि भारतात वॉरंटी चालेलच असं नाही. आणि ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी प्लेअरच्या कार्डावर कॉपी होत नाहीत. ती त्या ॲपपुरतीच कुलूपबंद असतात. तुमच्याकडं स्वतःच्या सीडी आहेत म्हणूनच हा प्लेअर तुम्हाला उपयोगी आहे.

त्या सीडी उतरवायला या रविवारपासूनच बसा. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात कपाटातल्या सीडींवर बुरशी धरते आणि वाचल्या जात नाहीत. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर बाहेरून जोडायचा दीड-दोन हजारांत मिळतो. उतरवलेल्या फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी, भावाकडं किंवा बहिणीकडं. प्लेअर पुन्हा विकत मिळेल, वडिलांचा संग्रह मिळणार नाही. पैशाची ओढाताण झालीच तर या दोन डिस्क आधी घ्या आणि प्लेअर पुढच्या वर्षावर ढकला.