मुरबाडला भातशेतीच्या बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या खताचं झाड) लावायचंय. शेजारच्या एकाच झाडाचं बी चालेल का?

चालवू नका. गिरिपुष्पात स्वतःच्या परागकणांनी बी जवळजवळ धरतच नाही, परपरागण म्हणजे दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात. एकटंदुकटं झाड असेल तर शेंगाच कमी लागतात. आजूबाजूची झाडं नात्यातली असली तर बी धरतं, पण रोपं खुरटी निघतात. एकाच झाडाच्या फांद्या लावल्यात तर सगळा बांध एकच वाण. एखादी कीड आली की सरसकट सगळ्यांवर. (सुबाभळीच्या मोजक्याच वाणांची १९८०च्या दशकात सायलिड या रस शोषणाऱ्या किडीने हीच गत केली.)

त्यामुळे किमान २५-३० झाडांचं बी घ्या, झाडं एकमेकांपासून ५०-१०० मीटरवरची, प्रत्येकाचं बी सारख्याच प्रमाणात. शेंगा पिवळट-तपकिरी होताच तोडा, नंतर त्या तडकून बी उडतं. रात्रभर भिजवून पेरा. बियांच्या रोपाचं मूळ फांदीपेक्षा खोल जातं.