वाचकांचे प्रश्न : मोठ्या बोअरच्या रायफलची आणि काडतुसांची पारख

या वेळी आलेली बहुतेक पत्रे रानरेडा, हत्ती यांसारख्या उलटून अंगावर येणाऱ्या जनावरांसाठी वापरल्या जाणाऱ्या जड रायफलींविषयी आहेत. म्हणून सदराची सर्व जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे .४५८ विंचेस्टर मॅग्नमची रायफल आहे. काडतुसांच्या खोक्यावर ५०० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) गोळीचा वेग २,१५० फूट प्रतिसेकंद छापलेला आहे; क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मात्र तो १,९८० च्या आसपास येतो. दोष रायफलचा, काडतुसांचा की यंत्राचा? आणि एवढ्या फरकाने काही बिघडते का?

उत्तर : संशयाची सुरुवात यंत्रापासून करावी. मोठ्या बोअरच्या, म्हणजे आतून रुंद असलेल्या, नळीतून गोळीबरोबर वायूचा मोठा लोट आणि न जळलेल्या दारूचे कण बाहेर पडतात, आणि क्रोनोग्राफ नळीच्या तोंडाजवळ मांडलेला असेल तर तो गोळीऐवजी त्यांचीच नोंद घेऊ शकतो. यंत्र चार-पाच मीटर पुढे न्यावे. तेवढ्या अंतरात इतक्या जड गोळीचा वेग हिशेबात घ्यावा इतका घटत नाही. ज्याचा वेग आपल्याला पक्का ठाऊक आहे असे एखादे हलके काडतूस त्याच मांडणीत आधी झाडून पाहिले, की यंत्राबद्दलची शंका फिटते. त्यानंतर नळीची लांबी पाहावी. कारखान्याचे आकडे बहुधा २४ ते २६ इंची नळीतून घेतलेले असतात, त्यामुळे आखूड नळीत काही घट होणारच. पण १७० फुटांची तूट सगळीच्या सगळी नळीच्या माथी मारता येणार नाही.

उरले काडतूस, आणि या काडतुसाचा पूर्वेतिहास थोडा बोलका आहे. ते १९५६ मध्ये बाजारात आले, तेव्हा नेहमीच्या लांबीच्या रायफलीत बसावे म्हणून त्याची पुंगळी अडीच इंचांची ठेवण्यात आली. एवढ्या जागेत जड गोळी आणि पुरेशी दारू दोन्ही कोंबायची, म्हणजे दारू दाबून भरणे आले. दाबलेली दारू साठवणीत घट्ट होऊन तिचे ढेकूळ बनले की ती पुरती जळत नसे, आणि आफ्रिकेतून तक्रारी येऊ लागल्या. मोझांबिकमध्ये रानरेड्याने जखमी केलेल्या जॅक लॉट या शिकाऱ्याने पुढे १९७१ मध्ये पुंगळी २.८ इंचांची करून .४५८ लॉट तयार केले, आणि त्याच ५०० ग्रेनच्या गोळीला सुमारे २,३०० फुटांचा वेग मिळाला. आजच्या दारूने जुन्या काडतुसाची तक्रार बरीच कमी केली आहे, परंतु आपला साठा किती जुना आहे आणि कसा ठेवला गेला होता हे तपासणे आवश्यक आहे.

बिघडते का, याचे उत्तर आकड्यांनीच द्यावे. २,१५० फुटांना नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे ५,१३० फूट-पाउंड असते. १,९८० ला ती ४,३५० वर उतरते. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नमची ३०० ग्रेनची गोळी २,५३० फुटांना जवळजवळ तेवढीच ऊर्जा देते, आणि खांद्याला त्रास पुष्कळ कमी. म्हणजे आपण मोठ्या बोअरचा धक्का सोसता आणि पदरात लहान बोअरचे काम पडते. गोळी जड असल्याने ती खोल जाईल, हे खरे. तरीही मला स्वतःला या सरासरीपेक्षा वेगातील चढउताराची धास्ती अधिक वाटते. दहा गोळ्यांची नोंद घ्यावी (एका दमात नव्हे, खांदा सांभाळून) आणि त्यांतील सर्वांत मंद गोळीकडे पाहावे. नऊ गोळ्या तीस-चाळीस फुटांच्या आत आणि दहावी दीडशे फुटांनी मागे, असा प्रकार दिसला, तर तो साठा निशाणावर संपवून टाकावा.

.३७५ वाल्यांनीही निश्चिंत राहू नये. नामिबियात रानरेडा किंवा हत्ती यांसाठी किमान ५,४०० जूल ऊर्जेची अट आहे. आखूड नळीमुळे ३०० ग्रेनच्या गोळीचा वेग २,४०० वर आला, तर ऊर्जा ५,२०० जूलच भरते आणि कागदावर नियमात बसणारी रायफल प्रत्यक्षात नियमाबाहेर जाते.

प्रश्न : माझी बोल्ट रायफल १०० मीटरवर तीन गोळ्या एका इंचात टाकते. रानरेड्यासाठी आणखी काय तपासायचे राहिले?

उत्तर : जवळजवळ सगळेच. ज्या अंतरावर रानरेडा मारला जातो तिथे दोन-तीन इंचांचा पुंजकाही पुरतो. एका इंचाचा पुंजका मनाला समाधान देतो, पण दुसरे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या काडतुसाच्या जागेत) जाईल की नाही याविषयी तो काहीच सांगत नाही. शिवाय बाकावर बसून एकेक काडतूस हाताने भरून झाडणे ही या रायफलच्या वाट्याला प्रत्यक्षात कधीच न येणारी स्थिती आहे.

चाचणीची सुरुवात मॅगझिनपासून करावी. मॅगझिन पूर्ण भरावे, तळाच्या काडतुसावर शाईची खूण करावी आणि त्याची लांबी आधी व्हर्नियरने मोजून ठेवावी. मग वरची काडतुसे झाडावीत, मॅगझिन पुन्हा भरावे, पण खुणेचे काडतूस तळाशीच राहू द्यावे. काही बारांनंतर ते बाहेर काढून पुन्हा मोजावे. प्रत्येक धक्क्याला रायफल मागे सरकते आणि मॅगझिनमधील काडतुसे जागच्या जागी राहू पाहतात, म्हणून त्यांची टोके पुढच्या भिंतीवर आपटत असतात. मऊ टोकाच्या गोळीचे शिसे चपटे होऊन चकाकू लागलेले दिसेल, आणि पुंगळीची कड गोळीच्या खाचेत नीट आवळलेली नसेल तर गोळी आत ढकलली गेल्याने लांबी कमी भरेल. गोळी आत गेली की दारूची जागा आक्रसते आणि दाब वाढतो. अशी काडतुसे, ती कितीही महाग असोत, सोबत नेऊ नयेत. याच वेळी मॅगझिनचे तळझाकण धक्क्याने आपोआप उघडत नाही ना, हेही कळून येते. ते उघडले तर उरलेली काडतुसे पायांवर पडतात.

त्यानंतर रायफल खांद्यावरून न काढता बोल्ट झटकन आणि पूर्ण मागे-पुढे करण्याचा सराव करावा. हळुवार हाताने उत्तम चालणारी रायफल घाईत अडखळते, किंवा घाईत आपलाच हात बोल्ट अर्धवट मागे नेतो. माउझर ९८ पद्धतीच्या रायफली या कामासाठी नावाजल्या गेल्या, त्या त्यांच्या रुंद नखीमुळे : ती काडतूस मॅगझिनमधून सुटताच पकडते आणि बाहेर फेकले जाईपर्यंत सोडत नाही. पण नखी असली म्हणजे चपट्या तोंडाची गोळी चेंबरच्या उताराला अडणार नाही, असे नव्हे. जी काडतुसे प्रत्यक्ष नेणार आहात ती सर्व, सुरक्षित जागी आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून, एकदा मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून काढून पाहावीत.

मऊ टोकाची (आत शिरताना फुलणारी) गोळी आणि पक्की (न फुलणारी) गोळी यांचा नेमही एकत्र तपासावा. पहिली मऊ आणि पुढच्या पक्क्या अशी भरणी करण्याची पद्धत आहे; ५० मीटरवर दोन्ही एकाच ठिकाणी पडत नसतील तर दोहोंपैकी एक बदलावी लागेल.

उन्हाचाही विचार हवा. युरोपातील सी.आय.पी. या प्रूफ (शस्त्रांची दाब-कसोटी) आयोगाच्या पद्धतीत काडतुसांचा दाब २१ अंश सेल्सिअसला मोजतात. भर दुपारी पट्ट्यात तापलेल्या काडतुसाला तो आकडा लागू पडत नाही. कॉर्डाइट या जुन्या दारूच्या काळात हा त्रास इतका होता की उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची काडतुसे वेगळी भरली जात. सावलीतली आणि उन्हात बाळगलेली काडतुसे झाडून वेग ताडून पाहावा. तापलेल्या काडतुसानंतर बोल्ट उचलायला जड जाऊ लागला, तर चाचणी तिथेच थांबवावी आणि ती काडतुसे वापरू नयेत.

शेवटी दस्ता. बोल्टच्या मागे आणि मनगटापाशी बारीक चीर आहे का, हे प्रत्येक सत्रानंतर भिंगातून पाहावे. धक्का वाचवण्यासाठी रायफल शिसे भरलेल्या जड चौकटीत घट्ट अडकवून झाडण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही, कारण खांदा मागे सरकतो, चौकट सरकत नाही, आणि सगळा भार लाकडावर येतो. उभे राहून, तिकाटण्यावर टेकून झाडावे. त्याच स्थितीत दुर्बिणीची कड भुवईला लागते की नाही हेही समजते.

प्रश्न : नळीवर प्रूफचा शिक्का असल्यावर वेगळ्या चाचणीची गरज काय?

उत्तर : शिक्क्याचा अर्थ एवढाच, की नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे २५ टक्के अधिक दाबाची काडतुसे त्या रायफलीत झाडली गेली आणि तिने ती सहन केली. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ पासून हे काम करीत आहे, आणि काम मोलाचे आहे. परंतु मॅगझिन, नखी, दस्ता आणि नेम यांचा त्या शिक्क्याशी संबंध नाही. अमेरिकेत तर अशी सरकारी सक्तीही नाही.

प्रश्न : ओल्या कागदाच्या गठ्ठ्यांवर दोन गोळ्या झाडल्या. एकीचे ९५ टक्के वजन शिल्लक राहिले, दुसरीचे दोन तृतीयांशच. तरी दोन्ही सारख्याच खोल गेल्या. वजन टिकवणारी श्रेष्ठ नव्हे का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. वजन टिकवून रुंद फुललेली गोळी स्वतःच्याच रुंदीमुळे लवकर थांबते. वजन गमावलेली गोळी अरुंद राहून तेवढीच पुढे जाते. कागदाची कसोटी एकाच दिवशी, सारख्याच भिजवलेल्या गठ्ठ्यांवर, सारख्याच अंतरावरून केली तर तुलनेपुरती उपयोगी असते. त्यात हाड नसते आणि कातडीही नसते. नळीपासून पाच-दहा मीटरवर गठ्ठे ठेवण्याचा मोह टाळावा, कारण तिथे गोळीचा किंचित डोलणारा कल अजून स्थिरावलेला नसतो आणि ती पन्नास मीटरवरच्यापेक्षा कमी खोल जाऊ शकते.

पक्क्या गोळ्यांसाठी खोलीइतकाच मार्ग पाहावा. गठ्ठे एकामागून एक उलगडून प्रत्येकातील भोक कुठे आहे ते मांडले, की गोल तोंडाची गोळी वाटेत कुठे वळू लागली ते स्पष्ट दिसते. चपट्या तोंडाची गोळी बहुधा अधिक सरळ जाते. आफ्रिकेतील शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बहुसंख्य .२७५ रिग्बीसारख्या लहान बोअरने. ते शक्य झाले लांब, पक्क्या, सरळ जाणाऱ्या गोळ्यांमुळे आणि हत्तीच्या कवटीची रचना त्यांनी बारकाईने अभ्यासली होती म्हणून. त्यांचे उदाहरण देऊन लहान बोअर मागणाऱ्यांनी हा दुसरा भाग वगळू नये.

प्रश्न : .४७० नायट्रो एक्स्प्रेसची जुनी दुनळी रायफल तपासताना विशेष काळजी कोणती? आणि असे विचित्र बोअर आले कोठून?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी. ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी घातली, कारण ती सामग्री बंडखोरांच्या हातातील मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडेल अशी भीती होती. त्यानंतर .४६५, .४७० यांसारख्या बोअरनी जोर धरला.

दुनळीच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक भरणीसाठी जुळवून डाखलेल्या असतात. दुसऱ्या वजनाची वा वेगाची गोळी वापरली, तर उजवी-डावी एकमेकींना छेदून किंवा फाकून पडतात. म्हणून ५० मीटरवर उजवी-डावी अशा जोडीने झाडावे आणि प्रत्येक जोडीनंतर नळ्या थंड होऊ द्याव्यात. दोन्ही बार एकदम उडत नाहीत ना, हे पाहण्यासाठी उजवीत जिवंत काडतूस आणि डावीत गोळी-दारू नसलेली, नुसता प्रायमर (ठोक्याने पेटणारी टोपी) लावलेली पुंगळी घालावी : उजवी झाडल्यावर डावीच्या प्रायमरवर ठोका पडलेला दिसला, तर रायफल तशीच बंदूकसाजाकडे जावी. आणि अखंड तांब्याच्या वा पितळेच्या कठीण गोळ्या जुन्या, पातळ नळ्यांत घालू नयेत. त्यांनी आतील खाचांचे उठाव नळीच्या बाहेरच्या अंगावर उमटलेले पाहिले गेले आहेत. नळीचा आतील व्यास मोजून घेऊन, त्यानुसार शिशाच्या गाभ्याची मऊ गोळी निवडावी.