जुनी कॅम्पर व्हॅन घेण्यापूर्वी

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हाताशी आठ हजार पौंडांची बचत आहे, लंडनमधली नोकरी स्थिरावली आहे, आणि आता जुनी फोक्सवॅगन कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली व्हॅन, घेऊन कॉर्नवॉलपासून स्कॉटलंडपर्यंत हिंडावे, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. घरच्यांना तो वेडेपणा वाटतो असे तू लिहितेस. मला तसे वाटत नाही. या देशात आल्यापासून माझे कित्येक शनिवार-रविवार अशाच गाड्यांच्या खाली उताणे पडून गेले आहेत, त्यामुळे तू विचारलेस त्याहून थोडे अधिकच लिहितो आहे. एक गोष्ट मात्र आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. जुनी कॅम्पर घेताना आपण मुख्यतः पत्रा विकत घेत असतो. इंजिन, ब्रेक, गाद्या, पडदे, स्टोव्ह हे सगळे सवडीने आणि ऐपतीप्रमाणे बदलता येते. सांगाडाच सडलेला असेल, तर मात्र तुझे आठ हजार वेल्डिंगमध्येच संपतील आणि गाडी तेव्हाही कुणाच्या तरी गॅरेजमध्ये उभी असेल.

म्हणून आधी पैशांची विभागणी कर. आठ हजार आहेत याचा अर्थ आठ हजारांची गाडी घ्यायची असा नाही. साडेपाच हजारांपर्यंतच खरेदी कर आणि उरलेल्या अडीच हजारांना पहिले वर्षभर दुसऱ्या कशासाठी हात लावू नकोस. टायर, ब्रेकचे पाइप, पेट्रोलचे रबरी पाइप, विमा, आणि घेताना नजरेतून सुटलेले एखादे मोठे काम हे सगळे त्यातूनच भागवावे लागते. टायर नक्षीने नवे दिसले तरी त्यांच्या बाजूवरचे चार आकडे वाच. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. कमी वापरल्या जाणाऱ्या कॅम्परवर दहा-पंधरा वर्षांचे चकचकीत टायर सर्रास सापडतात आणि ते चारही बदलावे लागतात.

आता कोणती गाडी, हा प्रश्न. फोक्सवॅगनने ही व्हॅन १९५० मध्ये बनवायला सुरुवात केली. समोरची काच मधोमध दुभागलेली पहिली पिढी जर्मनीत १९६७ पर्यंत निघत होती. ती तुझ्या आवाक्यापलीकडची आहे, तिचा विचार सोडून दे. त्यानंतर १९७९ पर्यंत जर्मनीत बनलेली, एकसंध मोठ्या काचेची ‘बे विंडो’ तुझ्या मनात भरली आहे, हे तू पाठवलेल्या छायाचित्रांवरून दिसतेच. परंतु साडेपाच हजारांत जी बे विंडो मिळेल, तिच्यावर बहुतेक वेळा तेवढाच किंवा त्याहून जास्त खर्च बाकी असेल. नव्या रंगाची, पांढऱ्या पट्ट्याच्या टायरची, आत कोरे पडदे लावलेली बे विंडो त्या किमतीत दिसली, तर वरून कीर्तन आतून तमाशा असण्याचीच शक्यता अधिक समज.

माझा स्पष्ट सल्ला असा की, कमी नावाजलेल्या गाड्यांकडे वळ. १९७९ पासून आलेली चौकोनी बांध्याची पिढी, जिला इथे ‘टी-२५’ म्हणतात, तीही मागच्या इंजिनाची आणि आतून अधिक ऐसपैस आहे. तिच्यावर लोकांचा तितका जीव जडलेला नसल्यामुळे त्याच पैशात अधिक धडधाकट गाडी मिळते. बेडफर्ड सीएफ ही १९६९ पासूनची ब्रिटिश व्हॅनही पाहण्यासारखी आहे. इंजिन पुढे असल्यामुळे मागे सलग जागा मिळते आणि यंत्रणा साधी आहे. फक्त एवढे लक्षात ठेव की, फोक्सवॅगनचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आजही नवा बनवून मिळतो, बेडफर्डचा तसा मिळत नाही. म्हणून बेडफर्ड घ्यायची तर पत्रा आधीच उत्तम असलेलीच घ्यावी. टालबोट एक्स्प्रेस या व्हॅनवर बांधलेल्या १९८०-९० च्या दशकांतील कॅम्पर यांहूनही स्वस्त असतात, परंतु तू लंडनमध्ये राहतेस, आणि तिथे दुसरीच अडचण आड येते.

ती अडचण नीट समजून घे. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या सगळ्या प्रशासकीय विभागांत, जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रस्त्यावर आणल्याच्या प्रत्येक दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. १९९० ची कॅम्पर घेतलीस, तर दारातून बाहेर पडतानाच हा खर्च सुरू होईल. याउलट बांधणीला चाळीस वर्षे होऊन गेलेली आणि कागदोपत्री ‘ऐतिहासिक वाहन’ या करवर्गात नोंदलेली गाडी या शुल्कातून मुक्त असते, आणि तिला रस्ता करही नसतो. हा वर्ग आपोआप लागू होत नाही, मालकाला अर्ज करावा लागतो; म्हणून नोंदणीपत्रावरचा करवर्ग स्वतःच्या डोळ्यांनी वाच. कर शून्य असला तरी गाडी तुझ्या नावावर झाली की तो नव्याने नोंदवावाच लागतो. या सगळ्याचा हिशेब केला, तर तुझ्यासाठी योग्य गाडी म्हणजे १९८० च्या आसपासची टी-२५ किंवा बेडफर्ड, असेच मला वाटते.

चाळीस वर्षांच्या गाडीला, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसतील तर, मे २०१८ पासून एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या वार्षिक तपासणीचीही, सक्ती नाही. मालकाला ही सवलत सोयीची असते, पण खरेदीदाराने तिच्यामुळेच सावध व्हावे, कारण अशा कित्येक गाड्यांखाली वर्षानुवर्षे कुणी डोकावलेलेच नसते. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की जुन्या तपासण्यांचा इतिहास फुकट वाचता येतो. त्यात ‘पास’ की ‘नापास’ एवढेच पाहून थांबू नकोस. परीक्षकाने दिलेल्या सूचना वर्षाच्या क्रमाने वाच. एका वर्षी ‘सिलला (दाराखालच्या लांब पेटीला) किंचित गंज’, पुढच्या वर्षी तोच शेरा जरा कडक, आणि त्यानंतर तपासणीच बंद, असे दिसले तर काय घडले ते तुला कळेल. विक्रेत्याला सरळ सांग की, ‘माझ्या खर्चाने ताजी एमओटी करून घेऊ.’ तिचे कमाल शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स आहे. जो कारण न देता याला नकार देतो, त्याच्याकडची गाडी घेऊ नये.

आता पत्रा कसा पाहायचा ते सविस्तर सांगतो. कोरड्या दिवशी, भर उजेडात जा. ओला रंग सगळे दोष झाकतो. अंगावर जुने कपडे असू देत, बरोबर टॉर्च, जमिनीवर अंथरायला चटई आणि मऊ कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक घे. आधी लांब उभी राहून सरकत्या दाराभोवतीची फट पाहा. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल, किंवा दार शेवटी उचलून लावावे लागत असेल, तर खालचा सांगाडा बसलेला असू शकतो. मग छताच्या कडेची पाण्याची पन्हळ बोटाने चाचपत जा. तिथे रंगाला फोड आले असतील तर गंज आतल्या जोडातून बाहेर येत आहे, आणि ते काम अवघड व महाग असते. समोरच्या काचेच्या रबराखाली पाणी मुरते आणि पुढच्या पायांखालचा पत्रा खाते, म्हणून तिथली चटई उचलून दाखवायला सांग. बॅटरीखालचा तळही पाहा. आम्लाने तो पुष्कळदा सडतो.

यानंतर खाली शिर. दाराखालून लांबीभर जाणारी जी पेटी, तिला सिल म्हणतात. फोक्सवॅगनमध्ये ती बाहेरचा, मधला आणि आतला अशा पत्र्यांची मिळून बनलेली असते आणि गाडीची ताकद तिच्यात असते. काही लोक आतले दोन्ही पत्रे कुजलेले तसेच ठेवून वर फक्त नवा बाहेरचा पत्रा जोडतात आणि रंग मारून मोकळे होतात. बोटाच्या पेराने सिलवर थोड्याथोड्या अंतराने ठोकत जा; चांगला पत्रा खणखणीत वाजतो, पुट्टी भरलेला भाग बद्द वाजतो आणि तिथे चुंबकही चिकटत नाही. मग खालून टॉर्च मारून आतला पत्रा, जॅक लावायच्या जागा, आणि मधल्या दोन मुख्य दांड्यांपासून कडेपर्यंत आलेले आडवे आधार पाहा. ताजे, काळेकुळकुळीत डांबरी लेपन सगळीकडे फासलेले दिसले, तर त्याखाली काय आहे हे विचारण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे, आणि खरे काम करून घेतलेल्या माणसाकडे त्या कामाची छायाचित्रे व पावत्या असतात. टी-२५ मध्ये याखेरीज बाजूंच्या पत्र्यांचे उभे-आडवे जोड पाहा. त्यांतले लेपन वाळून भेगाळते, पाणी आत जाते आणि जोड फुगतो. अंगावरचे ओरखडे, फिका पडलेला रंग, तुटलेले बिजागर यांच्याकडे मात्र दुर्लक्ष कर. फिक्या, मूळ रंगाच्या गाडीत निदान दडवलेले काही नसते.

इंजिनाबद्दल त्या मानाने थोडक्यात लिहितो. ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे विक्रेत्याला आधी कळव आणि गेल्यावर इंजिनाला हात लावून ते थंड आहे याची खात्री कर. थंड इंजिन सुरू होण्यातच त्याची प्रकृती कळते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात, गाडी बंद आणि गिअर न्यूट्रलला असताना, क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली (सपाट बांधणीच्या इंजिनात शाफ्टवरचा पंखा) दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढ आणि परत ढकल. हाताला स्पष्ट खेळ जाणवून ‘खट्’ आवाज आला, तर मुख्य बेअरिंगे झिजली आहेत आणि पूर्ण इंजिन खोलण्याचा खर्च तू किमतीतून वजा केला पाहिजेस. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेची रबरे जागच्या जागी असली पाहिजेत. ती नसली की खालची गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. पाण्याने थंड होणारी टी-२५ असेल, तर मागच्या इंजिनापासून पुढच्या रेडिएटरपर्यंत खालून गेलेले लांब पाइप गंजलेले नाहीत ना, आणि सिलिंडर हेडच्या जोडातून पाणी झिरपत नाही ना, ते पाहा.

दोन गोष्टी मात्र जिवाशी गाठ असलेल्या आहेत. जुने रबरी पेट्रोल पाइप कडक होऊन तडकतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकून या गाड्या पेटतात. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. गाडी घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे हे सगळे पाइप बदलणे, मग मागचा मालक काहीही सांगो. आणि नेहमी पाच टक्केवाले सुपर पेट्रोलच भर. दुसरी गोष्ट, हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगनमध्ये आत येणारी ऊब एक्झॉस्टभोवतीच्या कवचांतून येते. ती कवचे गंजून फुटली, तर विषारी धूर उबेबरोबर आत येतो. त्या गाडीत तू झोपणार आहेस. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या दिवशी बसव आणि स्टोव्हची गॅस जोडणी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय चहासुद्धा करू नकोस.

कागदपत्रांत एक गैरसमज आपल्याकडच्या मुलांचा फार होतो. इथले नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नसते. गाडीची जबाबदारी कुणावर आहे एवढेच ते सांगते. म्हणून खरेदीची पावती, सांगाड्यावर कोरलेल्या चासी नंबरचा नोंदणीपत्राशी प्रत्यक्ष मेळ आणि गाडीवर कर्ज थकलेले नाही याची पैसे भरून केलेली तपासणी, ही तिन्ही हवीत. गाडी विक्रेत्याच्या घरीच पाहा आणि तो पत्ता नोंदणीपत्रावरच्या पत्त्याशी जुळतो का ते बघ.

तुझ्या परवान्याविषयीही विचार कर. भारतीय परवान्यावर इथे रहिवासी झाल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, आणि ती मुदत तुझी संपली असावी. इथली परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिलीस, तर तो परवाना हाताने गिअर बदलायच्या गाडीला चालत नाही. आणि मी सांगितलेल्या गाड्या बहुतेक सगळ्या हाताच्या गिअरच्या असतात. म्हणून परीक्षा मॅन्युअलवरच दे. विम्याचे भाव गाडी घेण्याआधी, तिच्या नंबरवरच मागव. जुन्या गाड्यांच्या विमा कंपन्या वयाची, अनुभवाची आणि रात्री गाडी कुठे उभी राहते याची अट घालतात. ‘ठरलेल्या मूल्याची’ पॉलिसी मिळत असेल तरच घे, नाहीतर नुकसान झाल्यावर कंपनी जुन्या व्हॅनची भंगारातली किंमत पुढे करते.

पुढेमागे ही गाडी पुण्याला नेता येईल, असे तू शेवटी लिहिले आहेस. तो विचार मनातून काढून टाक. भारतात २०२१ मध्ये झालेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते खरी, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली यांसारख्या प्रसंगांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तिच्यातून रोजचा प्रवास करता येत नाही. हिंडायचे ते इथेच हिंडून घे.

घाई मात्र करू नकोस. वसंतात प्रत्येकाला कॅम्पर हवी असते आणि भाव चढतात; नोव्हेंबरनंतर हिवाळाभर गाडी कुठे ठेवायची या विवंचनेत असलेले मालक मोकळेपणाने बोलतात. सौदा करताना ताकाला जाऊन भांडे लपवू नकोस. तुझी रक्कम किती आहे आणि गाडीत तुला काय काय दुरुस्त करावे लागणार आहे, हे कागदावर मांडून शांतपणे दाखव. ज्यांनी गाडी जिवापाड सांभाळली आहे, ते बहुधा अशाच गिऱ्हाइकाला चार पैसे कमी घेऊन देतात.

एखादी गाडी पसंत पडली की तिचा नंबर मला कळव. मी तपासणीचा इतिहास वाचून ठेवतो आणि पुढच्या शनिवारी आपण दोघे मिळून ती पाहून येऊ. तोवर कुणी कितीही आग्रह केला, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे असे सांगितले, तरी न पाहिलेल्या गाडीसाठी बयाणा म्हणून एक पौंडही पाठवू नकोस.

तुझा,
काका